डाव्या हाताचा नेम

जगदेवीला ‘साकु’ हा शब्द कळत नव्हता असं नाही. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. साकु म्हणजे पुरे, हे रांगत्या पोरालाही ठाऊक. पण ताटावर आडवा हात धरून कुणी ‘साकु, साकु’ म्हणालं की बाईच्या हातातली भाकरी हमखास त्या आडव्या हातावरच पडायची. वर ऐकवायची, “एका भाकरीनं कोण मरत न्हाय, खावा की!” बाळीवेशीच्या त्या बोळात तिच्या पंगतीतून उठलेला माणूस एका दमात घरी पोचला, असं सहसा व्हायचं नाही.

कामाचंही तेच. बाई गप बसलेली कुणी पाहिली नव्हती. ढीगभर कडक भाकऱ्या थापून उठायची नि लगेच शेंगा फोडायला बसायची. शेंगा संपल्या की धुतलेलं अंगण पुन्हा धुवायची. नवरा ईश्वरप्पा मंगळवार पेठेत भुसाराचं दुकान चालवायचा आणि स्वभावानं अगदी उलटा. दिवसाकाठी दहा वाक्यं बोलला तर त्यातली आठ गिऱ्हाइकाशी. एकुलता मुलगा पुण्याला नोकरीला. म्हणजे घरात माणसं दोन, एक बोलणारं आणि एक ऐकणारं, आणि चौतीस वर्षं संसार झकास चालला होता.

मग संधिवात आला. बाहत्तरच्या दुष्काळात आला तो दुष्काळ सरला तरी हलेना. सकाळी उठलं की बोटं आखडलेली, तास-दीड तास वळायची नाहीत. पेरं सुजलेली, मनगट गरम. उजवा हात कसाबसा चालायचा, डावा मात्र हळूहळू आत मिटत गेला. जगदेवीनं लक्ष दिलं नाही. लसणीचं तेल चोळलं, एरंडाचं पान बांधलं आणि भाकऱ्या थापत राहिली. दुखण्याचे लाड केले की ते पाहुण्यासारखं मुक्काम ठोकतं, असं तिचं मत होतं.

चौऱ्याहत्तर सालच्या आषाढात एका सकाळी ती पूजेला बसली. त्यांच्या लिंगायतांत पूजा हातावर होते. जन्मल्यावर स्वामींनी बांधलेलं इष्टलिंग गळ्यातल्या चांदीच्या डबीतून काढायचं, डाव्या तळहातावर ठेवायचं, पाणी घालायचं, भस्म लावायचं, बेलाचं पान वाहायचं आणि त्याच्याकडं एकटक बघत ‘नमः शिवाय’ म्हणायचं. डावा तळहात हाच देव्हारा. माणूस गेलं की त्याला बसवून माती देतात, तेव्हासुद्धा लिंग त्याच हातावर ठेवून देतात. छप्पन्न वर्षांत जगदेवीचा हा नेम चुकला नव्हता. बाळंतपणात नाही, तापात नाही.

त्या सकाळी तिनं पाणी घातलं आणि आखडलेली करंगळी एकाएकी कळवळली. हात वाकला. आवळ्याएवढं ते काळंभोर लिंग ओल्या हातावरून घसरलं आणि खाली ताम्हणात पडलं. टण्ण असा आवाज झाला.

जगदेवीनं झटकन दाराकडं पाहिलं. दारात कुणी नव्हतं. दोन्ही हातांनी तिनं लिंग उचललं, पदरानं पुसलं, डोळ्यांना लावलं, उलटसुलट करून पाहिलं. कुठं टवका गेला नव्हता. पण पडलं ते पडलंच. तिची आजी सांगायची, जुन्या काळी लिंग हातातून सुटलं तर माणसं अन्नपाणी सोडायची. आजीचं सगळंच काही खरं नसायचं, हे खरं. पण या आवाजाचं काय करायचं? भाकरी थापताना, शेंगा फोडताना, नळाला रांगेत उभं राहताना, टण्ण. जिवंतपणी हातावर टिकत नाही, मग मातीत गेल्यावर कुठं ठेवतील? बाई घाबरली होती, आणि घाबरल्याची सवय नसल्यामुळं सगळ्यांवर चिडत सुटली होती.

दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात ते खोटं नाही. दरवर्षी श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी पंचाक्षरी स्वामी त्यांच्या बोळात येत. एका घरी पाद्यपूजा होई आणि मग घरचे नवराबायको स्वामींच्या समोर बसून, गल्लीच्या देखत, हातावर लिंगपूजा करत. आपल्या घरी स्वामी यावेत म्हणून जगदेवी अकरा वर्षं ईश्वरप्पाच्या मागं लागली होती. “सगळ्यांकडं येऊन गेलं, आपल्यालाच काय धाड भरलीय?” आणि यंदा, नेमकं यंदा, पाळी त्यांची होती. सहा-सात आठवडे हातात होते. नको म्हणावं तर कारण सांगावं लागणार. कारण सांगावं तर तो आवाज सगळ्या बाळीवेशीला ऐकू जाणार.

तेव्हापासून ती दाराकडं पाठ करून पूजेला बसू लागली. लिंग हातावर घेण्याची छाती होईना. ताम्हणात बेलाची पानं अंथरून त्यांच्यावर ठेवायची, घाईघाईनं पाणी घालायची आणि चोरी केल्यासारखी उठायची. त्यात भर म्हणून ईश्वरप्पानं नवंच खूळ काढलं. साडेसाताला दुकान उघडणारा हा माणूस आता पेपर घेऊन खोलीच्या उंबऱ्यात बसायला लागला. पाय आडवे टाकून, भिंतीला टेकून, पार तिची पूजा होईतो. तिच्या पाठीत त्याची नजर टोचायची.

“दुकान कोण उघडणार, तुमचा पेपर?” ती करवादायची.

“उघडतो की,” तो म्हणायचा, आणि हलायचा नाही.

एकदा तर हद्द झाली. शेजारची ईरम्मा विरजण मागायला आली. ईरम्मा म्हणजे जगदेवीची वीस वर्षांची मैत्रीण, तिला कधी कुणी दारात अडवलं नव्हतं. आणि हा बाबा उंबऱ्यातूनच म्हणाला, “पूजा चाललीय. मागनं ये.” ईरम्मा तोंड एवढंसं करून परत गेली. जगदेवीनं त्या दिवशी त्याला आमटी वाढली ती आदळूनच.

मग त्यानं तिच्या वर्मावर बोट ठेवलं. जेवता जेवता भाकरी हातात धरून उजेडाकडं केली आणि म्हणाला, “भाकरी जाड व्हाय लागली बग तुजी.”

चौतीस वर्षांत या माणसानं तिच्या भाकरीला नाव ठेवलं नव्हतं. मीठ कमी पडलं तरी मुकाट गिळणारा तो. जगदेवीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि तोंडातून जाळ निघाला. “जाड? माजी भाकरी जाड? मग जावा की हॉटेलात, पातळ मिळतीया तितं!”

“हाताला दाखव एकदा दवाखान्यात,” तो खाली बघत म्हणाला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन केसपेपरही स्वतःच काढून आला. एरवी स्वतःच्या तापाला कधी डॉक्टरची पायरी न चढलेला माणूस भाकरीसाठी रांगेत उभा राहिला, याचंही तिला वाईटच वाटलं. पण गेली. म्हणाली, बघाच आता, अशी पातळ भाकरी खाऊ घालते की पलीकडचं दिसलं पाहिजे.

डॉक्टरांनी हात दाबून पाहिला, गोळ्या लिहून दिल्या आणि मागच्या खोलीकडं बोट दाखवलं. तिथं व्यायाम देणाऱ्या मथुराबाई होत्या. सांगोल्याकडच्या, वय असेल तिशीचं, पाचवारी साडीवर पांढरा कोट. पुण्यात शिकून आलेल्या, पण बोलायला लागल्या की सांगोला लपत नव्हता. खोलीत विरघळलेल्या मेणाचं एक मोठं भांडं होतं. त्यांनी जगदेवीचा हात त्या कोमट मेणात बुडवून काढला, पुन्हा बुडवला, आणि वर टॉवेल गुंडाळला. पंधरा मिनिटांनी मेणाचं साल निघालं तेव्हा बोटं जरा सैल झाली होती.

“आता बघा मावशी. हळू मूठ मिटायची. दाबायची न्हाय, नुसती मिटायची. हळू उघडायची. मग एकेक बोट वर उचलायचं. मग अंगठा एकेका बोटाला लावायचा. कोमट पाण्यात हात बुडवून केलं तर लई बरं. पाच वेळा सकाळी, पाच वेळा संध्याकाळी.”

“पाच?”

“पाच. आणि दुखायला लागलं की थांबायचं.”

जगदेवी दवाखान्यातून बाहेर पडली तीच फणफणत. पाच? हळदीकुंकवाला बोलवायच्या सवाष्णी झाल्या त्या! एवढा मोठा दवाखाना, एवढं शिकलेली बाई, आणि उपाय काय, तर मुठीची उघडझाप पाच वेळा. तेसुद्धा दुखलं की थांबायचं म्हणे. दुखलं की थांबली असती तर तिच्या हातनं आयुष्यात एक भाकरी झाली नसती. आणि दिवस किती राहिले होते? पाच आठवडे.

तिनं आपल्या अकलेनं नेम ठरवला. देवाधर्माची गोष्ट आहे, तर मोजायचं ते माळेवर. सोमवारी उपास धरला, पाटावर बसली, उजव्या हातात रुद्राक्षाची माळ घेतली आणि डाव्या मुठीची उघडझाप सुरू केली. एक मणी, एक मूठ. एकशे आठ. सकाळी एकशे आठ, संध्याकाळी एकशे आठ. तीस-चाळीसनंतर मनगटात कळ उठायची ती कोपरापर्यंत जायची. तिला उलट बरं वाटायचं. फुकट कुणाला काय मिळालंय? दुखतंय म्हणजे फळ मिळणार, असा तिचा हिशेब.

एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक होतं. पण पी हळद आणि हो गोरी! तिला वाटलं, वाकडा पापड आपण वजन ठेवून सरळ करतो, मग हात का नाही? दुपारी ईश्वरप्पा दुकानात असताना तिनं हात जमिनीवर उताणा टेकला, वर फडकं घातलं आणि त्याच्यावर पाट्याचा वरवंटा ठेवला. दात आवळून बसून राहिली. डोळ्यांतनं धारा चालल्या होत्या आणि बाई ‘नमः शिवाय’ म्हणत होती.

चौथ्या दिवशी सकाळी हात उशीएवढा झाला होता. बोटं लाल, मनगट जळतंय, पाण्याचा तांब्या उचलेना. त्या दिवशी डबी उघडायलासुद्धा जमलं नाही. तिनं बंद डबीलाच भस्म लावलं आणि हमसून रडली. मागं उंबऱ्यात पेपर खडखडला, पण ईश्वरप्पा काही बोलला नाही. तिला वाटलं, दगड आहे नुसता.

दहा वाजता ती मथुराबाईंच्या दारात उभी होती. खोलीत दोन म्हातारे मेणात हात घालून बसले होते. त्यांच्यादेखत तिनं सुजलेला हात पुढं केला. “हे बगा तुमच्या व्यायामाचं फळ! बरा होता तेवडा बी घालवला. सरकारचा पगार कशाला खाताय मग?”

मथुराबाई रागावल्या नाहीत. त्यांनी हात हातात घेतला, पेरं चाचपली आणि विचारलं, “किती वेळा केलं?”

“केलं की नेमानं.”

“किती?”

“एकशे आठ,” जगदेवी जरा हळू म्हणाली. “दोन टाइम.”

एका म्हाताऱ्याला हसू आलं. मथुराबाईंनी त्याच्याकडं असं बघितलं की त्याचं हसू मेणातच विरघळलं. “आणि हा वळ कशाचा?”

जगदेवीनं हात पदराखाली ओढला. मग वरवंट्याचं सांगितलं. मथुराबाई मटकन स्टुलावर बसल्या. “अरारारा! अति तिथं माती म्हणतात ते काय खोटं हाय का, मावशी? ह्यो हात हाय, पापड न्हाय. माझा बाप मेंढरं राखायचा. लंगडं मेंढरू कळपात असलं तर काय करायचा ठावं हाय? हाकलायचा न्हाय. चार पावलं चालवायचा, उभा ऱ्हायचा. पुना चार पावलं. मारत नेलं तर ते बसायचं, मग खांद्यावर घेऊन चालावं लागायचं. तुमचा हात आता बसलाय.”

“मला इतका येळ न्हाय हो,” जगदेवी म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला.

“भाकरीची एवढी काय घाई?”

मग तिनं सांगितलं. पहिल्यांदाच, मोठ्यानं, आणि सांगितलं ते कुणाला, तर परजातीच्या, परगावच्या बाईला. लिंग पडलं ते, आवाज झाला ते, स्वामी येणार ते, आणि मेल्यावर कुठं ठेवतील ते. “मला भाकरीचं काय न्हाय. मला माजा देव माज्या हातावर धरायचाय. बास.”

मथुराबाईंनी धीर दिला नाही की देवाधर्मावर काही बोलल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “केवढं असतंय ते?”

“आवळ्याएवडं.”

“मग तळहात परातीसारखा सपाट कशाला पायजे तुम्हाला? सपाट ताटात आवळा ठेवला तर गडगडतोय की. वाटीत ऱ्हातोय. तुमच्या हाताची वाटी झालीच हाय. ती स्थिर ठेवायची, एवढंच आपलं काम.”

जगदेवी आपल्या हाताकडं बघत राहिली. एवढी साधी गोष्ट तिच्या डोक्यात आली नव्हती.

मग हुकूम सुटले. सूज उतरेपर्यंत आठवडाभर भाकरी बंद, माळ बंद, वरवंटा तर माळ्यावर. कोमट पाण्यात हात नुसता हलवायचा. मग पाच वेळा. व्यायाम करून दोन तासांनीही दुखत राहिलं तर समजायचं की जास्त झालं, दुसऱ्या दिवशी कमी करायचं. आणि सूज गेली की तळहातावर लिंबू ठेवून पाच अंक मोजायचे. “दुखणं सांगतंय तेवढंच ऐकायचं, मावशी. त्याच्या पुढं जायचं न्हाय आणि घाबरून मागं बी बसायचं न्हाय. जमंल?”

“जमवते,” जगदेवी म्हणाली. पण तिला एकशे आठ सोपे होते. पाच अवघड गेले. पाच झाले की थांबायचं, आणि थांबल्यावर करायचं काय? ती उठायची, दारापर्यंत जायची, परत यायची, हाताकडं बघायची, कॅलेंडरकडं बघायची. सहावी मूठ मिटायला बोटं शिवशिवायची. स्वयंपाक ईरम्मा करून द्यायची आणि तिच्या त्या जाडजूड भाकऱ्या ईश्वरप्पा चवीनं खायचा, ते बघून हिचा आणखी जळफळाट. शेवटी तिनं मनाची समजूत घातली. नमः शिवाय, अक्षरं पाच. बोटं पाच. एका बोटाला एक अक्षर. देवाला पाच पुरतात, तर आपल्याला न पुरायला आपण कोण?

श्रावण लागला तशी सूज उतरली. लिंबाचा सराव सुरू झाला. पहिल्या दिवशी लिंबू तिसऱ्या अंकालाच पडलं आणि घरंगळत उंबऱ्यापर्यंत गेलं. ईश्वरप्पानं ते उचललं, कोपरीच्या खिशात टाकलं आणि विचारलं, “लोणचं घालतीयास का?”

“व्हय. तुमचंच,” ती म्हणाली.

संध्याकाळी बघते तर फडताळात नवी पाच लिंबं. चोळून गुळगुळीत केलेली, ओल्या हातावर सटकतील अशी. दुकानदाराला लिंबं निवडायची अक्कल नाही, म्हणून तिनं तोंडसुख घेतलं. पण सराव त्यांच्यावरच केला. चार अंक. मग पाच. मग पाणी घालून पाच. एखाद्या दिवशी हात दगा द्यायचा, तेव्हा दोनावर थांबायची, आणि थांबायचं म्हणून स्वतःशीच भांडायची.

शेवटचा सोमवार उजाडला. सकाळ म्हणजे तिच्या हाताची वैरीण, म्हणून ती चारलाच उठली. बघते तर बंब पेटलेला, पाणी तापलेलं, आणि ईश्वरप्पा न्हाऊन बसलेला. “स्वामी येणार म्हणून झोप न्हाई लागली,” एवढंच म्हणाला. तिनं हात पाण्यात बुडवला. मूठ मिटली, उघडली. न, म, शि, वा, य. पाच. थांबली. हात थरथरत होता, पण तो भीतीनं.

आठला स्वामी आले. पाद्यपूजा झाली. ओसरीवर, पायरीवर, खिडकीत बोळातली सगळी माणसं दाटली. स्वामींच्या समोर दोन पाट. नवऱ्याच्या उजव्या अंगाला ती बसली. दोघांनी डब्या उघडल्या. तिनं लिंग काढून डाव्या हाताच्या त्या वाकड्या वाटीत ठेवलं. राहिलं. पाणी घातलं. राहिलं. भस्म लावलं, बेल वाहिला. “आता दृष्टी लावा,” स्वामी म्हणाले आणि मंत्र सुरू झाला.

पाच अंक कधीच संपले. स्वामींचा मंत्र काही संपेना. जगदेवीची करंगळी ठणकायला लागली. कपाळावर घाम आला. तिला सगळ्यांच्या डोळ्यांत आपला हातच दिसायला लागला. दहा झाले असतील, पंधरा झाले असतील. मनगटात तीच ओळखीची कळ उठली, हात कणभर कलला, आणि तिनं श्वास धरून खाली नजर टाकली.

तिच्या हाताच्या चार बोटं खाली आणखी एक हात होता. उपरण्याच्या आडोशाला, उताणा, ओंजळीसारखा पसरलेला. ईश्वरप्पाचा उजवा हात. तो तिला शिवत नव्हता. तोंडानं मंत्र चालू, नजर आपल्या लिंगावर, पण हात तिच्या हाताखाली, पडलं तर झेलायला.

जगदेवीला सगळं एकदम कळलं आणि तिचा हात थांबला. कळ तशीच होती, पण थरथर गेली. मंत्र संपला. स्वामींनी दोघांना भस्म लावलं. लिंग पडलं नाही, पडलं असतं तरी खाली गेलं नसतं.

माणसं जेवून पांगली तशी ती स्वयंपाकघरात त्याच्यासमोर उभी राहिली. “कवा कळलं तुमाला?”

“टण्ण वाजलं तवा,” ईश्वरप्पा म्हणाला. “दारातच हुतो. तू वळलीस, मी मागं सरलो.”

“का?”

“तुला कुनी बगितलेलं नको हुतं.”

“म्हनून उंबऱ्यात बसत हुता? ईरम्माला घालवली ती?”

तो काही बोलला नाही. तो बोलला नाही म्हणजे हो, हे चौतीस वर्षांत तिला पाठ होतं.

“अन् भाकरी जाड म्हनला ते?”

“भाकरी कवाच जाड नव्हती,” तो म्हणाला. “दुसरं काय बोललो असतो तर तू दवाखान्याला गेली नसतीस.”

जगदेवीनं तोंडाला पदर लावला. दीड महिना ती या माणसावर आमटी आदळत होती, लोणचं घालत होती, दगड म्हणत होती. “एवडं पोटात ठेवतं व्हय माणूस? बोलायला काय धाड भरलीवती?” ती रडतही होती आणि भांडतही होती. ईश्वरप्पानं नेहमीप्रमाणं ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पूजेला बसली, ती दाराकडं तोंड करून. ईश्वरप्पा सवयीनं पेपर काखेत मारून उंबऱ्यात टेकला, पाय आडवे टाकले.

“साकु,” जगदेवी म्हणाली.

त्यानं वर पाहिलं. हा शब्द या तोंडून त्यानं कधी ऐकला नव्हता.

“साकु ते. दार सोडा. हितं येऊन बसा माज्यापाशी.”

तो उठला आणि आत येऊन तिच्या डाव्या अंगाला बसला. पेपर उंबऱ्यातच राहिला होता. लिंग हातावर घेण्याआधी ओला पाट पुसायला म्हणून जगदेवीनं हात लांब करून तो ओढला. कागद घड्यांवर फाटायला आला होता, पिवळा पडला होता. वरची तारीख आषाढातली होती, लिंग पडलं त्या दिवसाची.